आपापली रेघ

९ फेब्रुवारी

इतके महिने तुला हातही लावला नाही, त्याबद्दल आधी माफी. कामं होती असं म्हटलं तर खोटं होईल. कामं नेहमीच असतात. खरं कारण असं की लिहायला बसले की मी स्वतःची उलटतपासणी घ्यायला लागते, आणि मध्यंतरी मला ती नको होती. आज लिहिते आहे, कारण आज थोडी फुशारकी मारायची आहे आणि ती दुसऱ्या कुणासमोर मारता येत नाही.

आज बांधाचं दार उघडलं!

माझ्या शाळेच्या दिवसांत खाडीच्या या फाट्यावर बांध घातला, त्याला लोखंडी दार बसवलं, आणि ते कायमचं बंद केलं. भरती बाहेरच थांबायला लागली. आत उरलं एक हिरवं डबकं – वर शेवाळ, खाली कुजका गाळ, आणि कडेला खालच्या गल्लीची परसं. डास आणि वास तिथल्या घरांबरोबर वाटणीतच येतात म्हणे. चार वर्षं मी आमच्या पाटबंधारे कार्यालयात एकच गोष्ट मांडते आहे: दार उघडा. भरती आत येऊ द्या, ओहोटीबरोबर जाऊ द्या. औषध फवारून, गाळ उपसून काही होणार नाही. पाणी हललं पाहिजे. शेवटी साहेब म्हणाले, "करा चाचणी. पण गल्लीत एकाच्याही चपला ओल्या झाल्या तर मला फोन करू नका."

दार हलेना. फिटरनं तेलाचा डबा रिकामा केला. "मॅडम, एवढं तेल सायकलीला घातलं असतं तर ती उडाली असती." मग एकदम कर्रकन आवाज झाला, दार वर सरकलं आणि खालून पाणी आत आलं. डबक्यावरचं शेवाळ आधी थरथरलं, मग मधोमध फाटलं. फिटरनं टोपी काढली. का, ते त्यालाही माहीत नसावं. मी दुसरीकडे बघितलं. डोळे पुसायचे होते.

११ फेब्रुवारी

परवा एक महत्त्वाची गोष्ट लिहायची राहिली. रेघा.

चाचणीला गल्लीची परवानगी हवी होती आणि गल्ली भीत होती. नकाशे दाखवले, पातळ्या सांगितल्या – कुणाला काही पटेना. सलूनवाला सगळ्यात मोठ्यानं बोलत होता. "मॅडमच्या कागदावर पाणी शहाणं असतं हो. आमच्या परसात आलं की त्याला अक्कल राहत नाही." लोक हसले. मीही हसले, कारण म्हणणं चूक नव्हतं.

तेव्हा मला हे सुचलं. प्रत्येक घरानं आपल्या परसाच्या टोकाला एक खांब रोवायचा. त्यावर आपल्या हातानं, आपल्याला हवी तिथं, एक रेघ मारायची: पाणी इथवर आलेलं मला चालेल. एकाही घराच्या रेघेला पाणी लागलं की मी दार बंद करणार. पुन्हा उघडायचं की नाही, ते गल्लीची सभा ठरवणार. रेघ फक्त घरमालकानं हलवायची, तीही शेजाऱ्यांसमोर. आणि कार्यालयानं कुणाच्याही रेघेबद्दल अवाक्षर काढायचं नाही – हे कलम मीच घातलं. साहेब म्हणाले, "स्वतःचे हात स्वतःच बांधून घेताय." म्हटलं, म्हणून तर त्यांचा विश्वास बसेल.

आणि बसला! लोकांनी घरात उरलेला रंग काढला. कुणाची रेघ दाराच्या रंगाची, कुणाची कपाटाच्या. सलूनवाल्यानं आपल्या पाटीचा लाल रंग लावला आणि फूटपट्टी धरून दोनदा खाडाखोड केली. बांधावरून बघितलं तर परसाच्या टोकांशी रंगीत काठ्यांची रांग दिसते. मला ती फार आवडते. एखाद्या कार्यक्रमाला लोक नटून उभे आहेत असं वाटतं.

सगळ्यांत शेवटी, फाटा जिथं अरुंद होत संपतो तिथं, सासूबाईंचं घर. (आम्ही दोघं वरच्या वस्तीत राहतो. त्या एकट्या तिथंच राहतात. घर त्यांच्याच नावावर आहे आणि त्याची त्या दर महिन्याला एकदा आठवण करून देतात.) त्यांनी रेघ मारली ती सगळ्या गल्लीत सर्वांत खाली. इतकी खाली की मला वाटलं ब्रश घसरला. निळी रेघ, जवळजवळ मातीला टेकलेली.

मी काही बोलले नाही. कलम माझंच आहे.

१६ फेब्रुवारी

नवऱ्यानं विचारलं, "आईनं एवढी खाली रेघ का मारली?" म्हटलं, लिंबामुळे असेल. परसाच्या टोकाला सासऱ्यांनी लावलेलं लिंबाचं झाड आहे. खारं पाणी मुळाशी गेलं तर ते मरेल. त्याला पटलं. मला पूर्ण पटलं नाही. त्यांना माझं हे काम मुळातच आवडत नसेल का? लग्न झालं तेव्हा त्यांनी एकदा विचारलं होतं, "म्हणजे तू दिवसभर चिखल बघतेस?" तेव्हापासून माझ्या कामाबद्दल त्या काही बोललेल्या नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही.

थोडक्यात, सगळी चाचणी माझ्या सासूच्या एका रेघेवर लटकली आहे. गल्लीत कुणाचंही परस भिजण्याआधी त्यांची रेघ भिजेल. सलूनवाल्यालाही ते कळलंय. आज म्हणाला, "मॅडम, बाकी कुणाला घाबरू नका. तुमचा पेपर घरच्याच तपासणार आहेत."

२३ फेब्रुवारी

वास गेला! एका रात्रीत नाही, पण आज बांधावर उभं राहिल्यावर जाणवलं की मी तोंडाला रुमाल लावलेला नाही. पाणी तपकिरी झालं आहे, म्हणजे छान झालं आहे. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यावर बारीक भोकं दिसतात. खेकडे. कुणी बोलावलं नव्हतं. दार उघडलं आणि आले.

३ मार्च

सलूनवाला रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी परसाच्या टोकाला जाऊन उकिडवा बसतो. विचारलं तर म्हणतो, "रेघेवर लक्ष ठेवतोय. तुमचा काय भरवसा?" आज मी मागून गेले तर तो रेघेकडे बघतच नव्हता. पाण्यात बघत होता. कोळंबीची पिल्लं! काचेची असावीत तशी आरपार, नुसते काळे डोळे दिसणारी, शेकड्यांनी. बोट बुडवलं की सगळी एका दमात उलट उडी मारतात.

"ह्यांना खायला काय घालायचं?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"काही नाही. पाणीच आणतं सगळं."

"म्हणजे फुकटात पोसली जातात. माझ्या मेव्हण्यासारखी."

घरी येईपर्यंत हसत होते. चार वर्षांच्या अहवालांनी जे झालं नाही ते ह्या पिल्लांनी केलं. अभिमान वाटावा तर कुणाचा? माझा नाही. पण थोडासा माझाही. लिहून ठेवते आणि लगेच खोडत नाही, ही प्रगती.

११ मार्च

येत्या पौर्णिमेला वर्षातलं मोठं उधाण आहे. माझ्या हिशेबानं पाणी सासूबाईंच्या रेघेच्या चार बोटं खाली थांबेल. हिशेब तीनदा केला. दार उघडं ठेवायचं मापही कमी केलं.

नवरा म्हणाला, "मी आईला सांगतो, रेघ जरा वर घे. तू कार्यालय आहेस, मी तर मुलगा आहे." म्हटलं, नाही. तुझ्या तोंडून मीच बोलल्यासारखं होईल. तो म्हणाला, "अगं, शेजारच्या दहा घरांना डास चावायला लागले की तुझी तत्त्वं त्यांच्या अंगाला लावायची का?"

तेव्हापासून स्वतःला विचारते आहे: मी सरळ वागते आहे, की सरळ वागण्याची मला चटक लागली आहे?

१७ मार्च

कामाशिवाय दुसरं काही सुचत नाही. भाजी दोनदा करपली. नवरा निमूट खातो आहे.

२० मार्च

हे सगळं नीट लिहिलं पाहिजे.

दुपारी उधाण होतं. सकाळपासूनच वारा सुटला, खाडीकडून थेट फाट्यात येणारा. फिटर दाराशी, मी सासूबाईंच्या परसात, आणि आमच्यामध्ये फोन. बाकी गल्ली आपापल्या खांबांशी. कुणी खुर्च्या आणल्या होत्या. सलूनवाल्यानं एका गिऱ्हाईकाला गळ्यात टॉवेल तसाच ठेवून बाहेर आणलं होतं – अर्धी दाढी झालेली, अर्धी फेसात.

पाणी सावकाश चढलं. सगळ्यांच्या रेघा कोरड्या, भरपूर कोरड्या. आणि इथं, फाट्याच्या टोकाला, ते थांबेचना. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी फाट्यात सगळीकडे पाण्याची पातळी एकच धरली होती. वारा दाराच्या बाजूनं आला की पाणी अरुंद टोकाशी लोटतो, आणि अरुंद टोक म्हणजे हेच. कॉलेजात मुलांना शिकवता येईल इतकी साधी चूक. वर्षानुवर्षं ज्या फाट्यात पाणीच हललं नाही, तिथं वाऱ्याचा विचार कुणी केला नव्हता. मीही नाही.

सासूबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. माझ्याकडे बघत होत्या, पाण्याकडे नाही.

पाणी निळ्या रेघेला टेकलं. जेमतेम. वाऱ्याची एक लाट आली आणि रेघ ओली करून गेली. भरती तिथंच संपत होती, हे मला दिसत होतं. आणखी काही मिनिटं गप्प बसले असते तर पाणी उतरायला लागलं असतं. परसात दुसरं कुणी नव्हतं. बाकीच्या गल्लीला इतक्या लांबून ही निळी रेघ दिसतही नव्हती.

मी फोनवर म्हटलं, "बंद करा."

फिटर म्हणाला, "मॅडम, आता? पाणी तर फिरतंय."

"रेघेला लागलं. बंद करा."

दार पडल्याचा आवाज इथवर आला. लांबून सलूनवाल्यानं ओरडून विचारलं, "काय झालं? आमच्या तर कोरड्या आहेत!" मी सांगितलं, ही ओली झाली. अर्ध्या दाढीचा माणूस म्हणाला, "मग आता माझं काय?" तरी कुणी हसलं नाही.

सासूबाई उठल्या आणि आत गेल्या.

२२ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं, वाऱ्याची चूकही. ते म्हणाले, "बघणारं कुणी नव्हतं ना तिथं?" म्हटलं, सासूबाई होत्या. ते म्हणाले, "मग बरोबर. सासूपुढे कुणाचं चाललंय?"

फिटर ओहोटीला दार उघडून आतलं पाणी सोडून आला आणि त्यानं ते पुन्हा बंद केलं. नियमाप्रमाणे.

२५ मार्च

शेवाळ परत आलं. एवढ्यात! डबक्याची कड आज हिरवी दिसली. खेकड्यांची भोकं वाळून भेगाळली आहेत. सलूनवाला दुकानाच्या पायरीवर बसला होता. मला वाटलं टोमणा मारेल. म्हणाला, "मॅडम, ती आरपार पोरं आता कुठं गेली असतील?" म्हटलं, काही बाहेर गेली असतील, काही आत अडकली असतील. तो उठून आत गेला आणि वस्तरा परजायला लागला. गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.

२७ मार्च

गल्लीची सभा. मी आधी माझी चूक सांगितली: वारा धरला नव्हता. पुढच्या वेळी दार आणखी कमी उघडं ठेवता येईल, पण इतकं कमी की पाणी जेमतेम हलेल. कोळंबी येणार नाही आणि वासही पुरता जाणार नाही. हेही सांगितलं. लपवून काय करायचं?

सलूनवाला उभा राहिला. तो म्हणाला, "चूक झाली, मान्य. पण मला सांगा, माणूस चुकलं की लपवतं. ह्या बाईनं स्वतःच्या सासूच्या परसात, कुणी बघत नसताना, स्वतःचं काम स्वतःच्या हातानं बंद पाडलं. ह्यांच्या हातात वस्तरा द्यायला मी तयार आहे, गळा माझा." मग खाली बसता बसता, "दार पूर्वीसारखंच उघडा."

हात वर झाले. सगळेच! मी मोजायचं विसरले.

पण एक रेघ अजून तिथंच आहे. पूर्वीसारखं उघडलं तर पुढच्या उधाणाला ती पुन्हा भिजणार आणि पुन्हा दार बंद. सगळ्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या. त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. कुणीतरी म्हणालं, "काकू, तेवढी रेघ..."

सासूबाई म्हणाल्या, "माझी रेघ माझ्यापाशी. सुनेनंच नियम केलाय, विचारा तिला." आणि पिशवी उचलून निघाल्या.

मला विचारायचं कुणी धाडस केलं नाही. विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "दोघी सारख्याच आहात." मी रागावले. मग आतल्या आत थोडं बरंही वाटलं. ते का, हे तपासत बसणार नाही.

२९ मार्च

रविवार. नेहमीप्रमाणे सासूबाईंकडे जेवायला. रेघेचा विषय काढायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि नवऱ्याला पायरीवरच बजावलं होतं.

जेवणं झाली. नवरा आडवा झाला. मी भांडी विसळत होते, त्या पुसत होत्या. खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं, त्यापलीकडे खांब.

म्हटलं, "आई, लिंबाला पाणी लागलं नाही ना त्या दिवशी?"

"लिंबाचं काय घेऊन बसलीस? फळ धरून त्याला तीन वर्षं झाली. नुसते काटे. ह्यांनी लावलं म्हणून उभं आहे. ह्यांच्यासारखंच, कामाचं नाही पण हलायचं नाव नाही."

मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. लिंबामुळे नाही, मग कशामुळे? विचारायचं नव्हतं. कलम, कलम, कलम. त्यांनीच सुरुवात केली.

"तुझं पाणी पहिल्यांदा कुणाच्या घरात शिरलं असतं, सांग."

"कुणाच्याच नाही. म्हणजे – जो सगळ्यात खाली असेल त्याच्या."

"आणि माझी रेघ वर असती, नि सलूनवाल्याचं परस भिजलं असतं, तर गल्ली काय म्हणाली असती? सुनेनं सासूला सांभाळलं आणि आम्हाला बुडवलं. मी चाळीस वर्षं राहते इथं. लोकांची तोंडं मला माहीत आहेत. म्हणून म्हटलं, आधी माझं भिजू दे. माझी रेघ सगळ्यांच्या खाली असली, की तुझ्यावर बोट दाखवायला कुणाला जागा राहत नाही."

इतके दिवस मी काय काय समजत होते! विरोध समजले. लिंबू समजले. माझ्या चिखलाचा राग समजले.

त्या ताटली पुसत राहिल्या. आधीच कोरडी असलेली.

"आणि दुसरं," त्या म्हणाल्या, "तू बंद करतेस की नाही, ते बघायचं होतं मला."

मी नळ बंद केला.

"केलंस," त्या म्हणाल्या आणि ताटली जागेवर ठेवली.

बस, एवढंच. लग्नाला अठरा वर्षं झाली. ह्याच्यापेक्षा मोठी शाबासकी मला कुणी दिलेली नाही, आणि ह्यापुढे कुणी दिली तरी फिकी वाटेल. नवरा उठल्यावर विचारत होता, "काय झालं, रडलीस का?" म्हटलं, कांदा. तो म्हणाला, "आज कांदा नव्हता." म्हटलं, मग उद्याचा.

रेघेबद्दल मी अजूनही काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

३१ मार्च

सकाळी सलूनवाल्याचा फोन. आवाज वेगळाच. "मॅडम, काकूंनी सगळ्या गल्लीला परसात बोलावलं. खांबाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, नियमाप्रमाणे शेजाऱ्यांसमोर सांगते, माझी रेघ आजपासून हा खांब नाही, मागची पायरी. पायरीच्या खालचं सगळं पाण्याला दिलं, झाडासकट. पुढे म्हणाल्या, खांब मात्र कुणी हात लावून काढायचा नाही. तो सुनेनंच उपटायचा, दार उघडण्याआधी."

उद्या : फिटरकडून पहार मागून घेणे.